प्रोक्रिएट: बिझनेस मॅगझिनची चित्रं काढणाऱ्यांनी घ्यावं का?

प्रोक्रिएट या आयपॅडवर चित्रं काढायच्या अ‍ॅपचे मराठीत जेवढे रिव्ह्यू बघितले त्यात बहुतेक ठिकाणी गणपती, नऊवारीतली बाई, पावसाळी घाट असं काहीतरी काढून दाखवलेलं असतं, आणि ते सुंदरच दिसतं. पण माझ्यासारखे जे लोक म्युच्युअल फंडाच्या लेखाशेजारचं चित्र, कंपनीच्या वार्षिक अहवालाचं कव्हर, बँकेच्या ग्राहकांना जाणाऱ्या मासिकातली छोटी छोटी स्पॉट चित्रं (मजकुराच्या अधेमध्ये येणारी) काढून घर चालवतात त्यांनी हे अ‍ॅप घ्यावं का, त्यावर काम शेवटपर्यंत जातं का, छापखान्यात गेल्यावर काय होतं, यावर कुणी बोलत नाही. म्हणून हा रिव्ह्यू. मी बरीच वर्षं याच प्रकारचं काम करतेय, आणि आता माझं निम्म्याहून जास्त काम आयपॅडवर होतं.

आधी थोडक्यात माहिती, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. प्रोक्रिएट हे सॅव्हेज इंटरॅक्टिव्ह नावाच्या कंपनीचं, ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या होबार्ट शहरातली कंपनी आहे, २०११ मध्ये अ‍ॅप आलं, २०१३ मध्ये त्याला अ‍ॅपलचं डिझाइन अवॉर्ड मिळालं. फक्त आयपॅडवर चालतं (आयफोनसाठी प्रोक्रिएट पॉकेट म्हणून वेगळं आहे), विंडोजवर नाही, अँड्रॉइडवर नाही, मॅकवर नाही. पैसे एकदाच भरायचे, महिन्याचं भाडं नाही. अमेरिकेत १२.९९ डॉलर आहे, आपल्याकडची किंमत अ‍ॅप स्टोअरवर बघून घ्या.

आता काम कसं येतं ते सांगते, कारण त्याशिवाय अ‍ॅपचं कौतुक किंवा तक्रार दोन्ही कळणार नाही. बिझनेस मॅगझिनच्या आर्ट डायरेक्टरचा, म्हणजे चित्रं आणि मांडणी बघणाऱ्या माणसाचा, मेसेज येतो, लेख बऱ्याचदा अजून लिहून झालेला नसतो, नुसतं हेडिंग आणि चार ओळी असतात, "छोट्या उद्योगांना कर्ज मिळत नाही" असं काहीतरी, आणि परवा सकाळपर्यंत फायनल पाहिजे असतं. पहिले दोन-तीन तास हात कमी आणि डोकं जास्त चालतं. कारण या विषयांवर पहिल्यांदा डोक्यात येतं ते सगळं वापरून वापरून झिजलेलं असतं, हस्तांदोलन, शिडी, वर जाणारा बाण, पिगी बँक, बुद्धिबळाचा राजा, पेटलेला बल्ब. ही सगळी एकदा कागदावर उतरवून टाकायची आणि मग त्यांच्या पलीकडे काय आहे ते शोधायचं, हेच आमचं खरं काम आहे, आणि पैसे त्याचे मिळतात. रंगवणं त्यानंतर.

या पहिल्या टप्प्याला प्रोक्रिएट इतकं चांगलं आहे की मला दुसरं काही आवडत नाही. एक मोठा कॅनव्हास घ्यायचा, त्यात मॅगझिनच्या त्या जागेच्या मापाच्या नऊ-दहा छोट्या चौकटी करायच्या आणि सुटायचं. दोन बोटांनी टॅप केलं की अंडू, तीन बोटांनी रीडू, रेघ ओढून अ‍ॅपल पेन्सिल तशीच धरून ठेवली की सरळ रेघ किंवा नीट गोल होतो, रंग वरच्या कोपऱ्यातून ओढून आकारात सोडला की भरतो. मेनू शोधत बसावं लागत नाही म्हणून विचार तुटत नाही. एका चौकटीतली कल्पना दुसऱ्या चौकटीतल्या माणसाशी जोडून बघायची तर सिलेक्ट करून उचलायचं, तीन बोटं खाली ओढली की कॉपी-पेस्टचा मेनू येतो. कागदावर हे करता येत नाही आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या टॅबलेटवर करता येतं पण मग टेबलाशी बसावं लागतं, आणि मला तरी कल्पना टेबलाशी सुचत नाहीत, त्या लोकलमध्ये, गॅलरीत, भाजी शिजत असताना सुचतात.

रफ दाखवताना एक गोष्ट पाळा, तीनच्या वर रफ पाठवू नका आणि ते राखाडी रंगातच पाठवा. रंग दिसला की चर्चा रंगावर जाते आणि कल्पनेवर होत नाही.

इथे जरा विषयांतर करते कारण मला हे मनापासून सांगायचंय. आपल्याकडे बिझनेसची चित्रं म्हणजे दुय्यम काम, खरा कलाकार ते करत नाही, असं आर्ट कॉलेजातली मुलं सुद्धा बोलतात. पण फॉर्च्यून हे अमेरिकन बिझनेस मासिक फेब्रुवारी १९३० मध्ये निघालं, अमेरिकेतला शेअर बाजार कोसळून जेमतेम चार महिने झाले होते, आणि अंकाची किंमत होती १ डॉलर, त्या काळात ही फार मोठी रक्कम. त्या मासिकानं कव्हरं कुणाकडून करून घेतली बघा, १९३२ मध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराकडून, जो उघड उघड कम्युनिस्ट होता, आणि १९४१ मध्ये फ्रेंच चित्रकार फर्नां लेजेकडून. पुढे १९५० च्या दशकात तिथला आर्ट डायरेक्टर होता लिओ लिओनी, जो नंतर मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर ओळखला गेला. कारखाने, जहाजं, गहू, पोलाद असे रुक्ष विषय आणि चित्रं अशी की आज नव्वद वर्षांनीही लोक त्या कव्हरांच्या प्रिंट्स भिंतीवर लावतात.

आणि लांब कशाला जायचं, आपली किर्लोस्कर खबर घ्या. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघाली, नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक म्हणून, आणि ती काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. कारखान्याच्या पत्रकापासून सुरू होऊन ते मराठीतलं एक मोठं मासिक झालं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी इकॉनॉमिक टाइम्ससाठी काम केलं, त्यांची ऑफिसातली माणसं, ती सेक्रेटरी मिस फोन्सेका, हे सगळं याच दुनियेतून आलेलं. म्हणजे या कामाला आपल्याकडे चांगली परंपरा आहे, आणि ज्यांना यात करिअर करायचंय त्यांनी मान खाली घालून करायची काही गरज नाही.

बरं, परत अ‍ॅपवर. ब्रश भरपूर आहेत आणि स्वतःचे बनवता येतात, पण बिझनेस कामाला त्यातले पाच-सहाच लागतात हे लवकर लक्षात घ्या नाहीतर ब्रश गोळा करण्यातच वर्ष जातं. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते रेघ स्थिर करणारं स्ट्रीमलाइन, आणि ठिपक्यांचा मी स्वतः केलेला ब्रश. ठिपक्यांवरून सांगते, वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये माणसांचे ते छोटे ठिपक्यांचे चेहरे येतात ना, त्याला हेडकट म्हणतात, १९७९ मध्ये केव्हिन स्प्राउल्स या चित्रकारानं ती शैली तिथे आणली, नोटांवरच्या आणि शेअर सर्टिफिकेटवरच्या कोरीव चित्रांसारखं दिसावं म्हणून ठिपके आणि बारीक रेघा. एकेका चेहऱ्याला काही तास लागतात. मी शिकण्यासाठी तसे चेहरे आयपॅडवर करून बघितले आणि एक कळलं की ब्रशनं एका फटक्यात ठिपके उडवले तर चेहरा मेलेला दिसतो, नाकाच्या कडेनं ठिपक्यांची ओळ वळली पाहिजे, गालावर गोल फिरली पाहिजे, म्हणजे ठिपका एकेक करूनच टाकावा लागतो. अ‍ॅप तुम्हाला झूम देईल, मूळ फोटो शेजारी छोट्या खिडकीत उघडा ठेवायची सोय देईल, पण ठिपका कुठे टाकायचा ते तुम्हालाच बघावं लागेल. सरावासाठी याहून चांगला प्रकार मला माहीत नाही, कुणी फ्रेशर असेल त्यानं घरातल्या माणसांचे असे चेहरे करून बघावेत.

ड्रॉइंग गाइडमधली आयसोमेट्रिक ग्रिड (वस्तू तिरक्या कोनातून, तीन बाजू दिसतील अशा काढायची जाळी) ही अजून एक सोन्यासारखी गोष्ट. गोदामं, बंदरं, डिलिव्हरीच्या गाड्या, कारखान्यातली लाइन, असली चित्रं बिझनेसवाल्यांना कायम लागतात, आणि ड्रॉइंग असिस्ट चालू केलं की तुमची रेघ आपोआप त्या जाळीला धरून जाते. न्हावाशेवा बंदरावरच्या लेखासाठी कंटेनरचे ढीग काढायचे होते तेव्हा हे नसतं तर पट्टी घेऊन बसावं लागलं असतं.

आता छपाई. इथे खरं काळजीपूर्वक वाचा कारण इथेच नवीन मुलं अडकतात. कॅनव्हास बनवतानाच आरजीबी (स्क्रीनचे रंग) की सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) ते ठरवायचं असतं, सीएमवायकेची सोय पाचव्या व्हर्जनपासून आहे आणि छापखान्यानं आयसीसी प्रोफाइल (रंग छापून कसे येतील ते सांगणारी फाइल) दिलं तर ते आत घेता येतं. डबल स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं) असेल तर ए४ चं दुप्पट म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटर, त्यात चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (पान कापताना जाणारी जादा कड), म्हणजे ४२६ बाय ३०३, तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) हे साधारण ५०३१ बाय ३५७९ पिक्सेल होतात. एवढा कॅनव्हास घेतला की लेयरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक थरांची, संख्या मर्यादित होते, आणि ती मर्यादा तुमच्या आयपॅडच्या रॅमवर ठरते. साध्या आयपॅडवर लेयर पटकन संपतात आणि मग ते मर्ज, म्हणजे एकत्र, करत बसावं लागतं, आणि मर्ज केलेल्या लेयरमधला टाय निळा करून द्या असं आर्ट डायरेक्टरनं सांगितलं की काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. त्यामुळे बदल कुठे येऊ शकतो याचा अंदाज घेऊन लेयर करा, माणसाचे कपडे वेगळे, पाठीमागचा रंग वेगळा, हातातली वस्तू वेगळी. बदल बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी येतात.

गुलाबी कागदाचं तर कुणी शिकवतच नाही. फायनान्शियल टाइम्स १८९३ पासून त्या सामन मासळीच्या रंगाच्या कागदावर छापतात, आपल्याकडे इकॉनॉमिक टाइम्स तसा आहे. त्या कागदावर पांढरा रंग नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही. तुम्ही डोळ्यात पांढरा ठिपका ठेवला, शर्ट पांढरा ठेवला, तो छापून गुलाबी येणार, फिकट निळा राखाडीकडे झुकणार, पिवळा नारिंगीकडे. मी काय करते, सगळ्यात वर एक लेयर घेते त्यात त्या कागदाचा गुलाबी भरते आणि मल्टिप्लायवर (खालच्या रंगांत मिसळून दिसेल असा) ठेवते, मग अधूनमधून तो लेयर चालू-बंद करत चित्र करते. म्हणजे शेवटी कसं दिसेल याचा बराच अंदाज येतो, आणि पाठवताना तो लेयर बंद करायचा, हे विसरायचं नाही. त्यात न्यूजप्रिंट, म्हणजे वृत्तपत्राचा कागद, शाई जास्त पितो, चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज २४० च्या आसपास ठेवा असं वृत्तपत्र छपाईत धरतात, गुळगुळीत कागदाला ३०० च्या पुढे गेलं तरी चालतं. प्रोक्रिएट तुम्हाला ही बेरीज दाखवत नाही. ती बघायला फोटोशॉप किंवा तत्सम काहीतरी लागतंच. म्हणून माझ्याकडे गडद काळ्या-जांभळ्या सावल्या न्यूजप्रिंटच्या कामात बंदच आहेत, सावलीसाठी रेघा मारते, छापून स्वच्छ येतात.

दुसरी मोठी उणीव म्हणजे हे व्हेक्टर अ‍ॅप (ज्यातलं चित्र कितीही मोठं केलं तरी फुटत नाही) नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात जे चित्र पानावर असतं तेच पुढे एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) स्टेजमागच्या बॅनरवर, वेबसाइटवर आणि कॅलेंडरवर जातं, तिथे पिक्सेलचं चित्र ताणलं की फुटतं. असं काम येणार असेल तर रफ इथे करा आणि फायनल इलस्ट्रेटर, अ‍ॅफिनिटी, इंकस्केप यापैकी कशात तरी करा. इंकस्केप फुकट आहे आणि पैसे नसताना सुरुवात करायला उत्तम. छोटी स्पॉट चित्रं मात्र मी इथेच संपवते, छापायच्या मापाच्या दुप्पट काढते, ९० मिलिमीटर रुंद असेल तर १०६३ पिक्सेल लागतात, मी २१२६ घेते, म्हणजे उद्या कुणी जरा मोठं करून वापरलं तरी निभावतं.

अक्षरं चित्रात टाकू नका. अ‍ॅपमध्ये टेक्स्टची सोय आहे, पण तोच अंक मराठी, हिंदी, इंग्रजी निघत असेल तर तीन वेळा चित्र बदलत बसावं लागतं, ले-आउट करणाऱ्यांना जागा सोडा, ते टाकतील. बँकेचा किंवा कंपनीचा ठरलेला रंग असतो तो हेक्स नंबरनं (रंगाच्या कोडनं) टाकता येतो, एएसई स्वरूपातली (अ‍ॅडोबीची रंगांची फाइल) पॅलेट सुद्धा आत येते, हे चांगलं. पाठवताना पीएसडी (फोटोशॉपची फाइल) करून पाठवता येतं आणि लेयर शाबूत राहतात, त्यामुळे पलीकडचा माणूस खूश असतो. पण लेयरना नावं द्या हो. "लेयर ४७" उघडून बघणाऱ्यावर दया करा.

दोन गोष्टी अ‍ॅपच्या बाबतीत धोक्याच्या आहेत. एक, चित्र बंद करून गॅलरीत गेलात की अंडूची साखळी संपते, परत उघडल्यावर मागे जाता येत नाही, म्हणून कुठलाही मोठा बदल करायच्या आधी चित्राची डुप्लिकेट काढून ठेवायची सवय लावा. दोन, चित्रं अ‍ॅपच्या आतच साठतात, अ‍ॅप काढून टाकलं की चित्रं गेली. आठवड्यातून एकदा बाहेर ड्राइव्हवर बॅकअप हा नियम करा, कारण दोन वर्षांनी कुणीतरी फोन करून म्हणतं की ते जीएसटीच्या अंकातलं चित्र परत वापरायचंय, मूळ फाइल आहे ना? असली की नवीन काही न काढता पैसे मिळतात.

हे पैसे मिळतात का यावर लिहिल्याशिवाय रिव्ह्यू संपवणं मला जमणार नाही, कारण अ‍ॅप घेऊन करिअर होत नाही, हक्क सांभाळून होतं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी पाहिजे, त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दुसऱ्या बाजूला कलम १७ मध्ये पैसे देऊन करवून घेतलेल्या काही कामांत, पेंटिंगचा उल्लेख आहे त्यात, वेगळा करार नसेल तर पहिला मालक करवून घेणारा ठरू शकतो. म्हणून काम घेताना मेलवर स्पष्ट लिहा, कुठल्या अंकासाठी, छापील की डिजिटल, किती काळ, किती वेळा बदल, आणि काम मध्येच रद्द झालं तर रफचे किती पैसे. मला एका ठिकाणी रफ मंजूर झाल्यावर लेखच काढून टाकला म्हणून काहीच मिळालं नाही, तेव्हापासून ही ओळ प्रत्येक मेलमध्ये असते. बिलातून बऱ्याचदा दहा टक्के टीडीएस कापतात, तो परताव्यात मागायचा, त्यासाठी रिटर्न भरायचाच.

आणि तो टाइमलॅप्स. प्रोक्रिएट तुमचं पूर्ण चित्र कसं झालं याचा व्हिडिओ आपोआप करून ठेवतं, तीस सेकंदांचा छोटाही काढता येतो. हल्ली क्लायंट सहज म्हणतात, तो व्हिडिओ पण पाठवा ना, इन्स्टावर टाकतो. तो त्यांच्या जाहिरातीचा मजकूर आहे, त्याचे वेगळे पैसे लावा. पण तुमच्या स्वतःच्या पोर्टफोलिओत तो जरूर ठेवा, आर्ट डायरेक्टरला त्यातून दिसतं की हे माणसानं केलंय आणि विचार कसा पुढे गेलाय.

माणसानं केलंय याला आता किंमत आली आहे, म्हणून शेवटचा मुद्दा एआयचा. छोट्या अंकांची, ब्लॉगची, न्यूजलेटरची स्पॉट चित्रं होती, ज्यावर नवीन मुलं हात बसवायची, ती कामं सगळ्यात आधी कमी होताना मी बघतेय, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण माझीही सुरुवात तशाच चित्रांवर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रोक्रिएटचे प्रमुख जेम्स कुडा यांनी जाहीरपणे सांगितलं की आमच्या अ‍ॅपमध्ये जनरेटिव्ह एआय आणणार नाही. चित्र काढण्याचं साधन विकणाऱ्या कंपनीनं चित्र काढणाऱ्यांच्या बाजूनं एवढं स्पष्ट उभं राहावं याचा मला आनंद आहे, आणि पैसे कुणाला द्यायचे हे ठरवताना मी ही गोष्ट धरते.

चित्रं काढायचं दुसरं अ‍ॅप म्हणजे अ‍ॅडोबीचं फ्रेस्को, ते ऑक्टोबर २०२४ पासून फुकट झालंय, त्यात व्हेक्टर ब्रशही आहेत, ते जरूर ट्राय करा. मला हाताला प्रोक्रिएटच बसतं.

खर्चाचं म्हणाल तर अ‍ॅप स्वस्त, आयपॅड आणि पेन्सिल महाग. विद्यार्थी असाल तर अ‍ॅपलची शैक्षणिक सवलत बघा, नाहीतर जुना एअर किंवा प्रो चांगल्या अवस्थेतला मिळाला तर घ्या, नव्या साध्या आयपॅडपेक्षा जास्त रॅमचा जुना आयपॅड या कामाला बरा, वर सांगितलं तो लेयरचा प्रश्न कमी येतो. घेण्याआधी तुमची पेन्सिल त्या मॉडेलला चालते का ते तपासा, सगळ्या पेन्सिली सगळ्यांना चालत नाहीत. आणि ज्यांच्याकडे आत्ता काहीच नाहीये त्यांनी थांबू नका, आजच्या पेपरातला अर्थविषयक पानावरचा एक लेख घ्या, बाण आणि शिडी न वापरता त्याची तीन रफ चित्रं पेन्सिलनं वहीत काढा. अशी वीसेक लेखांची रफं आणि त्यातली सात-आठ पूर्ण केलेली चित्रं झाली की पोर्टफोलिओ पाठवायला तयार आहे, आर्ट डायरेक्टरचं नाव मॅगझिनच्या श्रेयनामावलीत छापलेलं असतं.